लोणच्याची बरणी आणि परमुलखातील मराठी घर

पान वाढण्याची आपली रीत ठरलेली आहे. आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे. ही पानाची डावी बाजू. उजव्या बाजूच्या भाज्या व आमट्या ऋतूप्रमाणे, ऐपतीप्रमाणे आणि शेजाराप्रमाणे बदलत राहतात. बडोद्याच्या मराठी घरात हिवाळ्यात उंधियू होतो, इंदूरला पाहुणा आला की दाल-बाफले होतात, हैदराबादेत बगारे बैंगन घरचेच होऊन बसले आहे. आणि त्याबद्दल कोणी खंत करावी असेही काही नाही. डावी बाजू मात्र आपण जशीच्या तशी सांभाळली आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. विशेषतः कैरीचे लोणचे. ‘आमच्याकडे अगदी आजीच्या पद्धतीचे लोणचे असते’ हे वाक्य महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत जितक्या अभिमानाने ऐकू येते, तितके ते पुण्यातही ऐकू येत नसेल.

ही समजूत जरा तपासून पाहण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखिकेचे माहेर ग्वाल्हेरचे आणि सासर बडोद्याचे. माहेरच्या लोणच्याला मोहरीचे तेल आणि मसाल्यात बडीशेप. सासरच्या लोणच्याला तिळाचे तेल आणि मेथीचा हात सैल. दोन्ही घराणी मूळची कोकणातली, दोन्ही घरांत लोणच्याला ‘आजीचे’ हेच विशेषण, आणि तरीही एका घरच्या माणसाला दुसऱ्या घरचे लोणचे पहिल्या घासाला परके वाटावे इतका फरक. मूळ कोकणातल्या घरी ना बडीशेप पडत असे, ना एवढी मेथी. म्हणजे आज्यांनी लोणचे बदलले होते. त्यांनी ते कसे बदलले आणि काय मुळीच बदलले नाही, हा या लेखाचा विषय आहे. कारण आज आपणही लोणचे बदलत आहोत, पण नेमके उलट्या टोकाने.

शिंद्यांनी १८१० मध्ये आपला तळ उज्जैनहून ग्वाल्हेरला हलविला, मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली, गायकवाड तर त्याही आधीपासून बडोद्यात होते. या दरबारांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य अशी मराठी कुटुंबे गेली. बरणी बैलगाडीतून नेता येते. झाड नेता येत नाही. नव्या गावी कैरी निराळी, तेल निराळे, पावसाची तारीख निराळी. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो आणि हवा त्याच्या आधीच ओलसर होते, म्हणून तिथे मे संपण्यापूर्वी बरणीचे तोंड बांधले गेलेच पाहिजे. उत्तरेकडे याउलट, कैरीच्या बाठीला जाळी धरून ती टणक झाल्याखेरीज लोणच्याची कैरी तयार झाली असे मानत नाहीत, आणि त्यासाठी जूनपर्यंत खुशाल थांबतात. तिथली मे महिन्याची हवा हाडापर्यंत कोरडी असते. ग्वाल्हेरला गेलेल्या घरांनी आपले पंचांग तिथल्या कैरीशी जुळवून घेतले. तेलाचेही तसेच. ज्या गावी घाणीवर मोहरी गाळली जाते त्या गावी मोहरीचे तेल ताजे व स्वस्त मिळते. तिळाच्या तेलाचा हट्ट धरून शिळे तेल वापरण्यापेक्षा गृहिणींनी मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवून, त्याचा उग्रपणा मोडून वापरायला सुरुवात केली.

फळांच्या बाबतीत तर शेजाराने आपल्याला जुन्या ओळखीच्या वस्तू नव्या नावाने परत दिल्या. कोकणात आणि देशावर ज्याला आपण भोकर म्हणतो, त्यालाच गुजरातेत गुंदा म्हणतात आणि हिंदी मुलखात लसोडा. बडोद्याच्या बाजारात नव्याने आलेल्या सुनेला गुंद्याचे लोणचे ही गुजराती चीज वाटते; ती घरी आणून दगडाने ठेचून पाहिली की चिकट गर आणि मधली बी पाहून वडीलधारी बाई म्हणते, ‘अगं, ही तर आपली भोकरे!’ माइनमुळ्याची कथाही अशीच. कोकणातल्या जुन्या घरांत माइनमुळ्याचे लोणचे असे. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत आज तो शब्दही कोणाला ठाऊक नाही. गुजरातेत त्याच मुळ्या गरमर या नावाने दर हिवाळ्यात भाजीबाजारात येतात. महाराष्ट्रात विसरले गेलेले लोणचे बडोद्याच्या मराठी घरात शेजारणीच्या कृपेने टिकून राहावे, ही मौजेचीच गोष्ट म्हणायची.

दक्षिणेकडच्या मंडळींचा अनुभव आणखी निराळा. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि मग त्या नावाच्या राज्याचा भाग होता, त्यामुळे मराठी आणि तेलुगू स्वयंपाकघरांत उंबरठाच नव्हता. अंबाडीची भाजी दोघांचीही. फक्त आपण ती डाळ-कण्या घालून शिजवतो आणि वर लसणाची फोडणी देतो, तर तेलुगू गृहिणी गोंगुरा म्हणून तिचे लोणचेही घालते. कैरी आणि कांदा किसून केलेला तक्कू आणि मोहरीच्या पुडीने लाल-पिवळे झालेले आवकाय हे हैदराबादेतल्या मराठी घरात एकाच फळीवर असतात. आवकाय हा शब्दच सांगतो की तेलुगू लोणच्यात मोहरीचे स्थान काय आहे: ‘आव’ म्हणजे मोहरी, ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. बेळगावकडे वळलो तर मिडीचे लोणचे. मलनाडात आणि कारवारच्या वरच्या रानात येणाऱ्या अंगठ्याएवढ्या कोवळ्या कैऱ्या देठासकट उतरवतात, कारण देठाशी असलेल्या चिकातच तिचा वास असतो. या मिडी भरपूर मिठात घालून सुरकुतू देतात, मग त्याच खारात मोहरी व तिखट वाटून कालवतात. तेलाचा थेंब नाही, आणि तरीही ते लोणचे वर्षभर राहते. गोव्यातील तोरांचे, मिठात चेपून ठेवलेले लोणचेही याच कुळातले. पेजेबरोबर त्याची एक फोड असली की दुसरे काही लागत नाही.

हे बिनतेलाचे लोणचे आपल्या विषयाला फार उपयोगाचे आहे. लोणचे तेलामुळे टिकते असे आपण सर्रास म्हणतो. तसे असते तर मिडी आठ दिवसांत नासली असती. लोणचे हा शब्दच मुळी लवण या शब्दावरून आला आहे, आणि टिकवण्याचे मुख्य काम मीठच करते. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि उरलेल्या पाण्यालाही इतके खारट करते की नासवणाऱ्या बहुतेक जंतूंना त्यात जगता येत नाही. दुसरे काम आंबटपणाचे. कच्च्या कैरीची आम्लता इतकी तीव्र असते की पुष्कळसे धोकादायक जंतू मूळ धरूच शकत नाहीत. तिसरी गोष्ट कोरडेपणा: कैरी, हात, पळी, बरणी, मसाला, यांपैकी कशालाही बाहेरचे पाणी असता कामा नये. तेल चौथे. त्याचे काम हवा अडवण्याचे. बुरशीला हवा लागते, म्हणून ती नेहमी पृष्ठभागावर, तेलाबाहेर डोके काढून बसलेल्या फोडीवर येते. तेलाचा थर फोडींच्या वर बोटभर असावा हे आजीचे सांगणे याच कारणासाठी. गुजराती छुंद्यात मिठाचे काम साखर करते. कैरीच्या किसाच्या दीडपट ते दुप्पट साखर घालून ते पातेले पातळ फडक्याने झाकून उन्हात ठेवतात, आठ-दहा दिवसांत पाक आपोआप होतो. आपला साखरांबा चुलीवर होतो आणि तो उन्हावर, एवढाच फरक. टिकण्याचे तत्त्व एकच.

आता आज्यांनी काय बदलले ते पुन्हा पाहावे. तेलाची जात बदलली, कैरीची जात बदलली, महिना बदलला, बडीशेप आली, मेथी वाढली, गूळ आला. मीठ, आंबटपणा, कोरडेपणा आणि हवाबंदी या चार गोष्टींना मात्र त्यांनी हात लावला नाही. त्यांना जंतुशास्त्र शिकवलेले नव्हते. परंतु नासलेली बरणी त्यांच्या घरात सहा माणसांच्या वर्षाच्या तोंडीलावण्याचा तोटा होती, आणि तोट्याची आठवण चांगली राहते.

आपण आज करतो ते याच्या उलट. ‘मूळ चव’ राखायची म्हणून मसाला जसाच्या तसा ठेवतो, नाशिकहून वा पुण्याहून येणाऱ्याकडून मोहरीची डाळ मागवतो, आणि रक्तदाब आहे म्हणून मीठ निम्मे करतो, वजन वाढते म्हणून तेल पाव करतो. मग श्रावणात बरणीवर पांढरा थर आला की ‘इथली कैरीच वाईट’ असा निष्कर्ष निघतो.

मिठाचा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेण्याचा नाही. एक साधा हिशेब मांडते. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, १५ ग्रॅम मेथी, १० ग्रॅम हिंग आणि पाव लिटर तेल, हे वर्षभर टिकणाऱ्या लोणच्याचे मध्यम प्रमाण. या सर्वांचे मिळून वजन साधारण साडेसोळाशे ग्रॅम होते. त्यात मीठ २००, म्हणजे शंभरात बारा. पंधरा ग्रॅमची एक लहान फोड खारासकट खाल्ली की पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. त्याचा तिसरा हिस्सा एका फोडीत संपला. दोन्ही जेवणांना दोन-दोन फोडी घेणाऱ्याने आमटी-भाजी अळणी खाल्ली तरी मर्यादा ओलांडली जाते.

याचा उपाय बरणीतले मीठ कमी करणे हा नव्हे; पानावरची फोड लहान करणे हा आहे. आणि ज्यांना वैद्याने मीठ तोडायला सांगितले आहे त्यांनी वर्षाचे लोणचे घालण्याचा नाद सोडून ताजे लोणचे करावे. लग्नकार्यात जे कैरीचे ताजे लोणचे वाढतात ते हेच: कैरीच्या बारीक फोडी, निम्म्याहून कमी मीठ, थोडा मसाला, वर गार फोडणी. ते शीतकपाटात ठेवावे आणि आठ-दहा दिवसांत संपवावे. त्याला मुरलेल्या लोणच्याची खोली नसते हे कबूल, पण करकरीतपणा आणि वास असा असतो की मुरलेल्यात तो शोधूनही सापडत नाही. निम्म्या मिठाचे लोणचे फळीवर ठेवून वर्षभर टिकण्याची अपेक्षा मात्र करू नये.

मसाल्याविषयी एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण इथे पुष्कळांचे लोणचे चवीला पडते. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटला आणि त्याला ओल मिळाली की त्यातले एक पाचक द्रव्य दुसऱ्या द्रव्यावर काम करते, आणि तेव्हा तो नाकात चढणारा तिखटपणा जन्मतो. मोहरी पाण्याबरोबर फेसायची असते ती यासाठीच. हे पाचक द्रव्य उष्णतेने मरते. कढत तेल जर मोहरीच्या डाळीवर ओतले तर झणका यायच्या आधीच संपतो, आणि उरतो तो नुसता कडवटपणा. म्हणून फोडणी पूर्ण गार करून लोणच्यावर घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मेथी आणि हिंग यांचे उलट आहे; ती तेलात तळून मगच कुटायची, कच्ची मेथी कडू लागते. हळद कोमट तेलात घातली तर रंग धरते. एकाच लोणच्यात एक जिन्नस कच्चा, दुसरा तळलेला, तिसरा कोमट तेलातला, हा खटाटोप विनाकारण वाटतो. तयार मसाल्याची पुडी त्यापासून सुटका करते खरी, पण कुटल्यापासून कित्येक महिने गेलेल्या पुडीतल्या हिंगाचा वास आणि घरी कुटलेल्याचा वास यांची तुलना ज्याची त्याने करावी.

फोडींची तयारी थोडक्यात. कैरी आंबट, घट्ट आणि पांढऱ्या गराची हवी. पिवळी झाक आली की ती लोणच्याला गेली. राजापुरी मिळाली तर उत्तम, न मिळाली तर गावची आंबट रायवळ कैरीही चालते, तिच्या फोडीला बाठीचा तुकडा राहील असे पाहावे म्हणजे ती पुढे पोचट होत नाही. कैऱ्या धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण सुकवून मग अडकित्त्याने फोडाव्यात. बाजारात फोडून आणल्या तर विक्रेत्याचा अडकित्ता ओला असतो, हे लक्षात ठेवून घरी पुन्हा कोरड्या फडक्याने टिपाव्यात. मीठ-हळद लावून एक रात्र ठेवल्यावर सुटलेले पाणी निथळून फोडी सावलीत दोन-तीन तास पसरल्या, म्हणजे दमट गावी धोका कमी होतो. मिठातले थोडे या पाण्याबरोबर जाते, तेवढे मसाला कालवताना पुन्हा घालावे. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या हवेत बऱ्याच घरी ते पाणी टाकत नाहीत, त्यातच मसाला कालवतात. बरणीला निखाऱ्यावरच्या हिंगाची धुरी द्यावी, लोणचे भरून वर मिठाचा पातळ थर द्यावा, तोंडाला दादरा बांधावा. तिसऱ्या दिवशी तेल फोडींनी प्यायलेले दिसेल. आणखी तेल तापवून, गार करून घालावे.

जुन्या वह्यांवरून लोणचे घालणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे दशमान वजने आली ती १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने, १९६२ पर्यंत. त्याआधीच्या वह्यांत शेर, पावशेर, तोळे आहेत. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण प्रांतोप्रांतीचे बाजारशेर त्याहून हलके असत, काही ठिकाणी ते निम्म्यावरही येत. ‘एका शेराला दहा तोळे मोहरी’ असे लिहिले असेल तर ८० तोळ्यांच्या शेराने ती आठवा हिस्सा होते, आणि ४० तोळ्यांच्या शेराने चौथा हिस्सा. एकाच वाक्यातून दोन लोणची निघतात. मीठही असेच तोळ्यांत लिहिलेले असेल तर फरक चवीवर थांबत नाही. तेव्हा वहीतल्या पानाखाली गाव कोणते, हे ठाऊक असल्याखेरीज आकडे ग्रॅममध्ये उतरवू नयेत. छापील पुस्तकांत हा घोळ हळूहळू मिटला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे घेतली, म्हणून परमुलखातल्या नवशिक्या सुनेलाही त्याचा आधार वाटला. तथापि लोणच्याला वाटीसुद्धा फसवी आहे. जाडे मीठ आणि बारीक मीठ एकाच वाटीत भरले तर बारीक मिठाचे वजन बरेच अधिक भरते. लोणच्यापुरता तरी वजनकाटा वापरावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता भाज्यांच्या लोणच्याकडे वळू, कारण खरी जोखीम तिथे आहे. कैरी, लिंबू, आवळा, करवंद ही फळे मुळातच आंबट. गाजर, फ्लॉवर, मटार, लसूण, हिरवी मिरची यांच्या अंगी ती आम्लता नाही. उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या घरांनी हिवाळ्यातली दोन चांगली लोणची उचलली आहेत. एक पाण्यातले: गाजर-मुळ्याच्या फोडी मीठ आणि कुटलेल्या राईच्या पाण्यात घालून बरणी चार-पाच दिवस उन्हात ठेवतात, दह्यात असतात तशा प्रकारचे सूक्ष्म जीव त्या पाण्यात वाढतात आणि ते आंबट होते. आंबट झाल्यानंतरच ते खाण्याजोगे, आणि मग आठवडाभरात संपवायचे. दुसरे गाजर-फ्लॉवर-सलगमाचे, गूळ आणि व्हिनेगर घातलेले. तिथे आंबटपणा व्हिनेगरचा. या दोन्हीत शहाणपण आहे. शहाणपण नाही ते भाज्या वा सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून फळीवर ठेवण्यात. तेलाखाली हवा नसते, आणि आम्लताही नसेल तर क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला हवे तसे घर मिळते. त्याचे विष प्राणघातक आहे आणि वासावरून वा चवीवरून ते ओळखू येईलच असे नाही. आम्लता मोजण्याच्या मापावर ४.६ च्या खाली हा जंतू वाढू शकत नाही. कैरी त्याच्या खूप खाली, तीनच्या आसपास असते. म्हणून मिरचीच्या लोणच्यात आपण लिंबाचा रस पिळतो तो चवीपुरता समजू नये. मिरच्या रसात भिजतील इतका तो हवा. लसणाचे लोणचे घालायचे तर तेही लिंबाच्या रसात, आणि शीतकपाटात.

रसावरून आठवले. लिंबाच्या लोणच्याला तेल लागत नाही, ते कोणत्याही महिन्यात घालता येते, आणि चुकीला सर्वांत जास्त क्षमा करणारे लोणचे हेच. ज्या मुलीने आजवर बरणीला हात लावलेला नाही तिने सुरुवात यानेच करावी.

बरणीला हात लावण्याविषयी जुन्या घरांत एक नियम होता, त्यावरही लिहिलेच पाहिजे. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने लोणच्याला शिवले तर ते नासते, असे मानत. कितीतरी शिकल्यासवरल्या घरांत अजूनही ते कुजबुजत सांगितले जाते. लोणचे नासते ते ओल्या पळीने, उष्ट्या चमच्याने, तेलाबाहेर राहिलेल्या फोडीने आणि वारंवार उघडलेल्या मोठ्या बरणीने. बाईच्या शरीराचा त्यात काहीही संबंध नाही. या नियमाचा एकच उपयोग झाला असेल, तो म्हणजे मोठ्या बरणीत कमी हात गेले. तेवढ्यासाठी आठवड्यापुरते लोणचे लहान सटात काढून ठेवावे, मोठी बरणी कोरड्या लाकडी पळीने आणि एकाच माणसाने उघडावी; तो माणूस घरातला पुरुष असला तरी लोणचे तक्रार करीत नाही.

हल्ली चार माणसांच्या घरात एक किलोचे लोणचेही वर्षभर पुरते. शहरातल्या सदनिकेत गच्ची नाही, ऊन नाही, हे खरे. पण कैरीच्या लोणच्याला ऊन लागतेच असे नाही, पंखा पुरतो. वेळेचा हिशेब धरला तर फोडी पुसण्यापासून दादरा बांधण्यापर्यंत दोन दिवसांत मिळून तीन-चार तास जातात. या तीन-चार तासांत सुनेला वा मुलाला शेजारी बसवून, ‘हे एवढे का’ हे सांगितले गेले तर वहीपेक्षा अधिक टिकते. अंदाज हा शब्द आपल्या आज्यांनी फार वापरला. त्या अंदाजामागे चाळीस उन्हाळे होते. आपल्यापाशी चाळीस उन्हाळे नाहीत, तेव्हा दरवर्षी बरणीला चिठ्ठी लावावी: गाव, तारीख, कैरीची जात, फोडींचे वजन, मीठ, तेल. लोणचे कधी मुरले आणि कुठवर चांगले राहिले तेही त्याच चिठ्ठीवर पुढे लिहावे.

मुरलेल्या बरणीच्या तळाशी खार उरतो, आणि बऱ्याच घरांत तो फेकून देतात. वास्तविक फोडी संपल्यानंतरचा हा खार म्हणजे तयार मसाला आहे. परमुलखातल्या घरांनी त्याचे निरनिराळे उपयोग काढले. ग्वाल्हेरकडे तो परोठ्याच्या कणकेत जातो, बडोद्याला हांडव्याबरोबर लावतात. भाजीसाठी आमच्याकडे तोंडली घेतात. पाव किलो तोंडल्यांना देठाकडून चार चिरा द्याव्यात, फोडी सुट्या होऊ देऊ नयेत. वाफेवर पाच-सात मिनिटे ठेवून थोडी नरम करावीत. दोन मोठे चमचे खार, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, सुपारीएवढा गूळ आणि थोडी कोथिंबीर एकत्र करून तो मसाला चिरांत भरावा. खारावरचेच तेल चमचाभर कढईत घ्यावे, मोहरी-हिंगाची फोडणी करावी, तोंडली घालून झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे होऊ द्यावीत. लहान वांगीही अशीच होतात, ती वाफवून घेण्याचे कारण नाही, मात्र त्यांना झाकणाखाली वेळ थोडा अधिक द्यावा. भाजीला वेगळे मीठ मुळीच घालू नये. खारात ते आहेच.